तुम्ही विचारलंत म्हणून: मसाज गन घोड्याला चालते का?

लग्नकार्यात कुणी "काय करतेस हल्ली?" असं विचारलं की पूर्वी मी "फिजिओथेरपिस्ट आहे" एवढंच सांगून जेवणाच्या रांगेकडे सटकायचे. आता आईच आधी सांगून मोकळी होते, "घोड्यांची मालिश करते." मग सुरू. पहिला प्रश्न हसत हसत येतो, दुसरा पैशांचा असतो. तिसरा मात्र ज्याच्याकडे खरोखरच घोडा आहे त्याचाच असतो, आणि तो इतक्यांदा आलाय की आता लिहूनच टाकते. "जिमसाठी आणलेली मसाज गन घरात पडून आहे. ती घोड्याला लावली तर चालेल का?"

चालेल. मीही लावते. पण माझ्या पिशवीत ती कशासाठी आहे ते आधी खरं सांगते. ती माझ्या अंगठ्यांसाठी आहे.

मी मुळात माणसांची फिजिओ. माणसाचा खांदा दोन तळव्यांत मावतो. रेसचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास नुसता स्नायू. त्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे कमरेमागच्या मांसल भागावर, हात ठेवला की आपण उशीवर नाही, भरलेल्या पोत्यावर दाब देतोय असं वाटतं. सुरुवातीला हौसेने दिवसाला चार-चार घोडे करायचे. दुसऱ्याच पावसाळ्यात उजव्या अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ बसली की सकाळी चहाच्या डब्याचं झाकण उघडेना. पुण्याचा रेसचा हंगाम पावसाळ्यातच असतो. घोडे मुंबईहून ट्रकने घाट चढून येतात, आणि वळणावळणाला तोल सावरून सावरून मान आणि पुठ्ठे आखडलेले असतात. म्हणजे काम सगळं एकदम अंगावर येतं. तेव्हा मी मशीन घेतलं. घोड्याने मागितलं नव्हतं.

मशीन काय करतं? मिनिटाला साधारण दीड-दोन हजार छोटे ठोके देतं. मांसल जागी, कमीत कमी वेगावर, मऊ चपटं डोकं लावून फिरवलं तर स्नायू सैलावतो, रक्त खेळतं, आणि ज्या कामाला मला वीस मिनिटं जोर लावावा लागला असता ते आठ-दहा मिनिटांत होतं. याहून मोठी यंत्रंही आहेत: पाठीवर पट्ट्याने बांधायच्या थरथरणाऱ्या गाद्या, चुंबकीय झुली, घोडा अख्खा उभा राहील असे कंप पावणारे फलाट. किमती लाखांत. ज्याला परवडतं त्याने घ्यावं, माझी हरकत नाही.

हरकत आहे ती एका गोष्टीला. मशीन हातात आलं की बोटं आंधळी होतात.

माणूस सांगतो, "हां हां, तिथेच. जरा खाली." घोडा तसं सांगत नाही, तो कातडीने सांगतो. पाठीवर माशी बसली की तेवढीच जागा थरथरवून तो ती उडवतो, हे तुम्ही पाहिलं असेल. कातडीखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो, त्याचं हे काम. इतक्या बारीक संवेदनेच्या अंगावर आपण ठोके मारणारं यंत्र टेकवतो. बोटाखाली गाठ कुठे आहे, ऊब कुठे जास्त आहे, कुठे हात जाण्याआधीच स्नायू ताठरतोय, हे सगळं हाताला कळतं. मशीनच्या मुठीला कळते ती फक्त मोटरची घरघर. म्हणून आधी दहा मिनिटं नुसते हात, मानेपासून शेपटीपर्यंत, दोन्ही बाजूंनी. मशीन त्यानंतर, आणि हाताने दाखवलेल्या जागीच.

ओळख करून द्यायची पद्धत तेवढी नीट सांगते, कारण सगळे घोटाळे तिथेच होतात. घोड्याला चौकटीला करकचून बांधायचं नाही. ओळखीच्या सईसाने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, दोरी सैल धरून डोक्यापाशी उभं राहायचं. मशीन बंद असताना हुंगू द्यायचं. मग आठ-दहा पावलं लांब जाऊन सुरू करायचं. कान टवकारतात, मान वर जाते, नाकपुड्या फुलतात. होऊ द्यायचं. कान परत मोकळे झाले की जवळ यायचं. मग डावा तळवा घोड्याच्या खांद्यावर ठेवायचा आणि मशीन स्वतःच्याच पंजाच्या पाठीवर टेकवायचं. कंप माझ्या हातातून गाळून त्याच्यापर्यंत पोचतो. मिनिटाभराने तळवा हळूच बाजूला सरकवायचा. काही घोड्यांना हे पहिल्याच दिवशी जमतं, काहींना चार दिवस लागतात. एका काळ्या घोड्याला कधीच जमलं नाही, आणि मी नादही सोडला. भिंतीतून वायर ओढून चालवायचं मशीन तबेल्यात आणूच नका. घोड्याचा पाय आणि वायर यांची गाठ कधी ना कधी पडतेच.

आवडतंय हे कसं कळतं? खालचा ओठ लोंबतो. पापण्या जड होतात. मान उतरते, एक मागचा पाय टेकवून कंबर कलते, कधी जांभई येते, आणि ती पाहण्यासारखी असते, अख्खी दातांची कमान बाहेर. नको असेल तर कान मागे चिकटतात, शेपटीचा फटकारा बसतो, मागचा पाय हलका उचलला जातो. तिसऱ्या खुणेपर्यंत थांबलात तर चौथी खूण तुमच्या मांडीवर उमटेल.

जागा कुठल्या? मानेची भरीव बाजू, खांदा, पुठ्ठा, मांडीची मागची बाजू. पुढच्या खांद्यांवर मी जास्त वेळ घालवते. घोड्याला कॉलरबोन नसतं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नसतात. दोन पायांच्या मध्ये छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते, आणि उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्याच पायांवर येतं. वर स्वार बसला, तो पुढे झुकला, की ही झोळी किती ताणली जात असेल ते बघा. गुडघ्याच्या खाली मात्र मशीन अजिबात नाही. तिथे स्नायूच नाही. कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारे), त्यावर कातडी. ज्या पायांवर सगळ्यांचे पैसे लागलेले असतात त्याच जागी हौशी मालक हमखास गन टेकवतात. पाठीचा कणा, बरगड्या, डोकं, सूज, जखम, ताप, गाभण घोडी, हेही नाही. पावसाळ्यात खोगिराचा पट्टा बसतो त्या जागी बुरशीचे चट्टे येतात. मशीनचं डोकं एका घोड्यावरून पुसल्याशिवाय दुसऱ्यावर गेलं की बुरशीही जाते.

आणि एक गोष्ट ठळक लिहून तबेल्यात लावा: कामानंतर घोडा अचानक अवघडला, पुठ्ठे दगडासारखे झाले, घाम फुटला, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर ती थकव्याची आखडण नाही. स्नायू आतून तुटतायत. मालिश नाही, मशीन नाही, चालवणं नाही. डॉक्टरांना फोन. लंगडणाऱ्या घोड्यालाही डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मी हात लावत नाही, मालक कितीही गळ घालोत.

पुरावा काय, असंही काही जण विचारतात, आणि विचारायलाच हवं. हाताच्या मालिशीबद्दल थोडं आहे. २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, मालिश केलेल्या घोड्यांची पाठीवरचा दाब सोसण्याची मर्यादा आठवड्याने सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण ते घोडे दुखणाईत नव्हते, हे लक्षात ठेवा. १९९३ साली कामार्ग जातीच्या घोड्यांवरचं एक काम प्रसिद्ध झालं, ते मला जास्त आवडतं. घोडे एकमेकांची मान जिथे पाठीला मिळते तो भाग दातांनी खाजवतात. माणसाने हाताने तिथेच खाजवलं तर घोड्याचे हृदयाचे ठोके मंदावले. दुसरीकडे खाजवून तसं झालं नाही. मशीनच्या जाहिरातीत मात्र "शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध" हे शब्द फारच सढळ हाताने पडलेले असतात.

आता माझी एक चूक. एका रायडिंग क्लबात छबी नावाची तांबूस घोडी होती. डावीकडे वळताना पाठ चोरायची. हाताला डाव्या बाजूला, सॅडलच्या मागच्या टोकापाशी, पेरूएवढी गाठ लागली. मशीन लावलं, गाठ विरघळली, घोडी छान चालली, मालकीण खूश. पाचव्या दिवशी गाठ परत. पुन्हा मशीन, पुन्हा खुशी. तिसऱ्या खेपेला मी मशीन सुरू केलं तेव्हा तिथला म्हातारा सईस कोपऱ्यात सॅडल साफ करत बसला होता. तो वर न बघता म्हणाला, "बाई, हे जरा हातात घेऊन बघता का?" सॅडल उलटं केलं. डाव्या गादीतली लोकर गोळा होऊन तिचा कडक लाडू झाला होता. स्वार बसला की तो बरोबर त्या गाठीवर रुतत होता. म्हणजे पंधरा दिवस मी काय केलं? दुखणं झोपवलं, आणि घोडीला पुन्हा त्याच लाडवाखाली पाठवलं. हातांनी मला गाठ दाखवली होती; मशीन होतं म्हणून मी "का" विचारलंच नाही. लोकर बदलली, घोडीला तीन आठवडे विश्रांती दिली. त्यानंतर मी घोड्याआधी सॅडल बघते.

मागच्या हिवाळ्यात माथेरानला गेले होते, फिरायला म्हणूनच, पण पिशवीत मशीन होतं. दस्तुरी नाक्यावर एका घोडेवाल्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, "ताई, हे मशीन आमच्या घोड्याला चालंल का?" त्याचा घोडा पाहिला. दिवसभर पाहुणे घेऊन चढउतार, खोगिराखाली घडी घातलेलं पोतं, आणि त्या घडीची एक कड नेमकी कण्यावर. म्हटलं, "दादा, मशीन राहू दे. आधी ही घडी सोडा, चादर सपाट घाला, कण्यावर मधे मोकळी जागा ठेवा. आणि संध्याकाळी खरारा कशानं करता?" त्याने रबरी खरारा काढला, दात झिजलेला. मी तो घेऊन मानेच्या बुडाशी गोल गोल फिरवला. घोड्याचा वरचा ओठ लांब होत होत नळीसारखा पुढे आला आणि हवेतच कुणाला तरी खाजवू लागला. घोडेवाला हसायला लागला. "हे तर रोज करतो की!" "किती वेळ?" "दोन मिन्टं." "दहा करा."

बाजारापर्यंत चालत गेले, चालतच परतले. रात्री नेरळहून लोकलमध्ये बसले तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. डब्यात गर्दी नव्हती. पिशवीतून मशीन काढलं आणि नेरळ ते कल्याण स्वतःच्याच पायांना लावून बसले.