आमची वाटचाल : रजिस्टरचा शेवटचा रकाना

आमच्या पाटीवर आज ‘ज्येष्ठ शुश्रूषा सेवा’ असे लिहिलेले असले, तरी २००९ साली नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या गाळ्यात जे सुरू झाले ते खाटा भाड्याने देण्याचे दुकान होते. फाउलर बेड (हँडल फिरवून डोक्याकडची बाजू उचलता येणारी खाट), व्हीलचेअर, कमोड खुर्ची, एअर बेड (पंपाने हवा भरलेली गादी) आणि मागणी आलीच तर घशातील कफ ओढून काढणारे सक्शन मशीन, एवढा आमचा माल. खाट बसवून, हँडल कसे फिरवायचे ते दाखवून आम्ही निघालो की घरातील कोणीतरी दारापर्यंत येत असे आणि म्हणत असे, ‘खाट दिलीत, आता सांभाळायला माणूसही द्या.’ त्या मागणीतून अटेंडंट पुरवण्याचे काम सुरू झाले आणि पुढे पाथर्डी फाट्याजवळचे आमचे २४ खाटांचे निवास उभे राहिले. अटेंडंट पुरवणारा ब्युरो कसा चालतो हे या धंद्यातील मंडळींना सांगायला नको. माणूस पाठवायचा, कमिशन कापायचे, त्याने दांडी मारली की दुसरा पाठवायचा आणि दुसरा नसला की फोन उचलायचा नाही. आमच्याकडे फोन उचलला जात असे, आणि उचलल्यावर काय बोलावे हे समजणाऱ्या इन्चार्ज, म्हणजे अटेंडंटच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या बायका, आमच्याकडे होत्या. आम्ही टिकलो ते त्यांच्यामुळे, आणि आमच्यावर वार झाला तोही नेमका तिथेच.

त्याआधी जेलरोडच्या काकांविषयी लिहिणे भाग आहे. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये आयुष्यभर कागदांचा ताळा जमवून निवृत्त झालेले हे गृहस्थ आमचे चोवीस तासांच्या सेवेचे पहिले ग्राहक. काकूंना पक्षाघात झाला होता आणि दिवसपाळीला व रात्रपाळीला आम्ही एकेक मावशी दिली होती. मावश्या आल्या आल्या काकांनी दोनशे पानी वही आखून ठेवली : वेळ, कूस, पाणी किती, लघवी किती मिलिलिटर, शौच, पाठ व टाचांची कातडी, आणि अगदी उजवीकडे ‘पुढच्या पाळीने काय पाहावे’. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि लगेच नोंद करायची; पाळी बदलताना दोघींनी काकूंच्या खाटेजवळ उभे राहून वही वाचायची आणि दोघींनी सही करायची, असा त्यांचा दंडक होता. मावश्या कुरकुरल्या. ‘काका, आम्ही काय नोटा छापतो का?’ असे एकीने तोंडावर विचारलेही. पण काकू अंथरुणात असेपर्यंत त्यांच्या पाठीवर एकही जखम झाली नाही, आणि ज्यांनी कंबरेवरचे बेडसोअर, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमा, धुतल्या आहेत त्यांना या वाक्याचे वजन ठाऊक आहे. काकांच्या परवानगीने आम्ही तेच रकाने छापून घेतले. जाड पुठ्ठ्याचे, दोऱ्याने पेन बांधलेले ते रजिस्टर आजही प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी लटकते. मध्यंतरी एका तरुणाने आम्हाला मोबाइलवरील अ‍ॅप विकण्याचा आग्रह धरला होता. ते आम्ही घेतले, हिशेबासाठी वापरतो, आणि नोंद मात्र कागदावरच होते.

या रजिस्टरचा शेवटचा रकाना हीच आमची इन्चार्ज निवडण्याची परीक्षा ठरली. बहुतेक अटेंडंट त्यात ‘काही नाही’ किंवा ‘नॉर्मल’ असे लिहितात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांचे मत कधी कोणी विचारलेलेच नसते. सुरगाणा तालुक्यातून आलेल्या एका मुलीने मात्र, कामाला लागून वर्षही झाले नसताना, असे लिहिले होते : ‘आजोबा दुपारपासून मुलाला भावाच्या नावाने हाक मारतात. पाणी कमी प्यायले, लघवी गडद आहे. आजच डॉक्टरांना कळवले, रात्री लघवी मोजावी.’ घरचे म्हणत होते की वयामुळे भ्रमिष्टपणा आला आहे. तपासणीत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही अशा संसर्गामुळे अचानक भ्रम होऊ शकतो, हे तिला कोणत्याही वर्गात शिकवलेले नव्हते. काल आजोबा असे नव्हते आणि आज आहेत, एवढे तिने पाहिले होते. आमच्या भागीदार, म्हणजे सरकारी नोकरीतून मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख) म्हणून निवृत्त झालेल्या बाई, त्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हिला घडवायची.’

घडवायचे म्हणजे काय, हे मेट्रनबाईंनी ठरवले आणि मी त्यासाठी पैसे उभे केले. पहिली गोष्ट म्हणजे मोजणे. बेडसोअरचा धोका मोजणारी, १९८७ साली प्रसिद्ध झालेली ब्रेडन मोजपट्टी त्यांनी मराठीत फळ्यावर लिहिली : संवेदना, ओलावा, चालणे-फिरणे, स्वतः कूस बदलण्याची ताकद, आहार आणि कातडीचे घासणे-ओढले जाणे, या सहा बाबींना गुण द्यायचे, आणि २३ पैकी बेरीज १८ किंवा त्याखाली आली की धोका समजायचा. दुसरी गोष्ट म्हणजे निरोप देणे. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून तिथल्या रुग्णालयांत आलेली चार टप्प्यांची पद्धत त्यांनी शिकवली : आता काय घडले, आधीचे काय आहे, मला काय वाटते, तुम्ही काय करावे. यातील तिसरा टप्पा फार जड जातो. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या मुलींना डॉक्टरांशी फोनवर ‘मला असे वाटते’ हे तीन शब्द उच्चारायला कित्येक महिने लागतात, आणि ते शब्द जिच्या तोंडून निघाले ती निम्मी इन्चार्ज झालेली असते. तिसरी गोष्ट म्हणजे नकार. इंजेक्शन आणि सलाईन हे अटेंडंटचे काम नाही. त्यासाठी परिचर्येचा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम केलेली, नोंदणीकृत सिस्टर लागते. गंगापूर रोडच्या बंगल्यात शिकलेसवरलेले चिरंजीव ‘एवढं टोचून टाक ना’ म्हणतात तेव्हा आवाज न चढवता नाही म्हणणे, हे शिकवावे लागते.

सर्वांत कठीण परीक्षा ड्युटी लावण्याची. बाहेरून आलेल्या पदवीधर व्यवस्थापकाला आमचा ड्युटीचा तक्ता महिनाभरही चालवता येणार नाही, हे मी जबाबदारीने लिहितो. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की पेठ-सुरगाण्याच्या मुली गावी जाणारच. होळीला तर कोणाचा बाप त्यांना अडवू शकत नाही. आणि हिवाळ्यात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत थिनिंगची (घडातील मणी विरळ करण्याची) रोजंदारी वाढली की कुटुंबच्या कुटुंब तिकडे वळते. या मुलींमधूनच घडलेल्या इन्चार्जला कोणाच्या घरी किती भातखाचरे आहेत आणि कोणाची नणंद बदली येऊ शकते हे माहीत असते, म्हणून तिचा तक्ता टिकतो. तिच्यापुढचा प्रश्न वेगळाच असतो. पन्नाशीची मावशी पंचविशीच्या मुलीचा हुकूम मानत नाही. ‘माझ्या नातीएवढी आहेस तू’ असे ऐकवून ती बेडपॅन तसाच ठेवते. मेट्रनबाईंचा उपाय असा की नव्या इन्चार्जने पहिल्या महिन्यात सर्वांत अवघड स्पंजिंग (ओल्या कपड्याने रुग्णाचे अंग पुसणे) त्या मावशीच्या जोडीने स्वतः करायचे, आणि त्यानंतरच सांगायला लागायचे. शिवाय तिच्या हाती थोडी रोकड द्यायची, जी मला न विचारता खर्च करता येईल. रात्री दोन वाजता डायपर संपले म्हणून मालकाला उठवावे लागणारी बाई इन्चार्ज नसते, निरोप्या असते.

२०१५च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात या मेहनतीचे चीज झाले. २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर या पर्वण्यांना, म्हणजे शाही स्नानाच्या दिवशी, शहरातील रस्ते वाहनांना बंद होते. आमच्या सुरगाण्याच्या मुलीने पंचवटीतील सगळ्या घरांच्या पाळ्या आदल्या दिवशीच बदलून, मुक्कामी राहणाऱ्यांची सोय लावून, पर्वणीला एकही घर रिकामे ठेवले नाही. मी काहीही केले नाही, आणि मला करू दिलेही नाही.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. करोनाच्या काळात जे सगळ्यांनी सोसले तेच आम्हीही सोसले.

२०२२च्या दिवाळीच्या तोंडावर जे घडले ते मात्र विसरता येत नाही. परगावच्या एका मोठ्या कंपनीने नाशिकमध्ये शाखा उघडण्याचे ठरवले. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती, हा आकडा त्यांच्या प्रत्येक सादरीकरणात पहिल्याच पानावर असे, आणि आकडा खराच आहे. पण त्या म्हाताऱ्यांच्या उशाशी रात्री कोण जागणार आणि जागणाऱ्यावर कोण लक्ष ठेवणार, याचे पान त्यांच्याकडे नव्हते. त्यांचे दोन अधिकारी भागीदारीची भाषा करत आमच्या निवासात आले. चहा घेतला, खाटांमधून फिरले, रजिस्टर चाळले, ‘ही पद्धत फारच छान आहे’ असे म्हणाले. पुढच्या पगाराआधी आमच्या बहुतेक अनुभवी इन्चार्ज त्यांच्याकडे गेल्या होत्या. पगार चार हजारांनी जास्त, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हुद्दा ‘टीम लीडर’. त्यांच्यामागे अटेंडंट गेले, अटेंडंटच्या मागे ग्राहकांची घरे गेली, आणि ग्राहकांच्या मोबाइलवर त्या कंपनीचे संदेश येऊ लागले. ते क्रमांक तिथे कसे पोहोचले, हे मी इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळले आहे.

जास्त पगार मिळतो म्हणून कोणी गेले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. आमच्याकडे भविष्य निर्वाह निधी कापला जातो, त्यामुळे हातात येणारी रक्कम कमी दिसते. तिथे सगळ्यांना ‘सहयोगी’ म्हणून कंत्राटावर घेतले, म्हणजे निधीचा प्रश्नच मिटला. माझा राग आहे तो तयार माणूस उचलण्यावर. एक इन्चार्ज घडायला तीन-चार वर्षे लागतात, आणि तो खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. त्या कंपनीने तो खर्च चार हजारांत मिटवला. आणि उचललेल्या माणसांचे केले काय, तर त्यांना खाटेपासून उठवून दिवसभर फोनवर पॅकेज विकायला बसवले. हे त्यांच्यापैकीच एकीने मला नंतर सांगितले.

त्या दिवाळीत निवासातील निम्म्या खाटा रिकाम्या झाल्या. अनामत परत मागणाऱ्यांची रांग लागली, बँकेचा हप्ता थकला, आणि मेट्रनबाई, वयाची सत्तरी जवळ आलेली असताना, रात्रपाळीला उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात जेलरोडचे काका रिक्षाने निवासावर आले. काकू जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती आणि काकांना आमच्या सेवेची गरज नव्हती. तरीही त्यांनी स्वतःच्या नावाने एक खाट नोंदवली, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले आणि ओळखीच्या निवृत्त मंडळींना फोन करायला तिथेच बसले. ती खाट त्यांनी वापरली नाही. ‘पावती मात्र द्या,’ एवढेच म्हणाले.

सुरगाण्याची मुलगी गेली नव्हती. तिलाही विचारणा झाली होती, हे मला फार उशिरा, तेही दुसऱ्याकडून कळले. इन्चार्ज गेल्या तरी तिने प्रत्येक पाळीत एक हाताखालची मुलगी आधीच तयार करून ठेवली होती, जिला हुद्दा नव्हता पण रजिस्टरचा शेवटचा रकाना भरता येत होता. त्या मुलींना तिने एकदम पुढे केले. पहिल्या काही आठवड्यांत गोंधळ झाला, ओरडाआरडा झाला, एका घरून तक्रारही आली. पण होळीच्या सुट्ट्यांचा तक्ता या नव्या मुलींनी लावला आणि तो टिकला. आज आमची संपूर्ण दुसरी फळी त्या दिवाळीत उभी राहिलेली आहे, आणि आता प्रत्येक इन्चार्जच्या बढतीची अट अशी आहे की तिने आपल्या जागी बसेल अशी एक व्यक्ती दाखवावी. त्या कंपनीने दीड-दोन वर्षांत इथली शाखा आवरती घेतली. गेलेल्यांपैकी काही जणी परत आल्या. त्यांना अटेंडंट म्हणून घेतले, इन्चार्ज म्हणून घेतले नाही. मेट्रनबाईंना हे कठोर वाटते. मला वाटत नाही.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एअर बेडवर जाड गादी टाकू नका आणि चादर ताणून खोचू नका. रुग्णाच्या कंबरेखाली, गादीच्या खाली हात घालून हवा पुरेशी आहे का ते रोज पाहा, कारण पंप चालू असल्याचा आवाज म्हणजे हवा भरली असे नव्हे. आणि ब्युरोला दर विचारण्याआधी असे विचारा की रात्री तीन वाजता अडचण आली तर निर्णय कोण घेणार, आणि ती व्यक्ती इथे किती वर्षे आहे. उत्तर द्यायला वेळ लागला तर दुसरीकडे जा.

२०२७च्या सिंहस्थाच्या ड्युटीचे नियोजन सुरू झाले आहे आणि ते मी पाहत नाही. इन्चार्जच्या जागेसाठी आम्ही बाहेरून अर्ज मागवत नाही, कृपया पाठवू नयेत. अटेंडंट म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांनी सकाळी दहा ते बारा या वेळेत पाथर्डी फाट्याच्या निवासावर यावे. बायोडाटा नसला तरी चालेल, लिहिता-वाचता येणे आवश्यक आहे.