ही गप्प का?

मंगळवार, रात्र

माई तुळशीला पाणी घालायला बाल्कनीत आल्या, माझ्या चित्राच्या ईझलपुढे क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय गं. पण ही गप्प का?"

एवढंच. तांब्या घेऊन आत गेल्या. मी मात्र अजून तिथेच आहे.

तीन आठवडे झाले युडिथ लेस्टर रंगवतेय, सतराव्या शतकातली डच चित्रकार. तिच्या स्वचित्राची छापील प्रत डोळ्यांसमोर चिकटवलेली आहे. मूळ चित्र १६३० च्या आसपासचं, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकवून ती मागे वळलीय, एका हातात पॅलेट आणि ब्रशांची जुडी. कडक इस्त्रीची भलीमोठी पांढरी कॉलर. आणि ओठ उघडे, आत्ता काहीतरी म्हणणार असे. हे सगळं रोज बघून मी तिचे ओठ मिटवले. कधी मिटवले, तेही आठवत नाही.

दात रंगवायला अवघड, हे कारण मी स्वतःला देऊन पाहिलं. खरं नाही ते.

गप्प बसणारी नव्हतीच ती. १६३३ मध्ये हार्लेमच्या चित्रकारांच्या संघात शिरली, स्वतःचे शिष्य ठेवले. त्यातला एक तिला सोडून फ्रान्स हाल्सकडे गेला, तर तिने हाल्सविरुद्ध थेट संघाकडे तक्रार नेली. हाल्स म्हणजे गावातला सर्वांत मोठा चित्रकार! पुढे तिचीच चित्रं हाल्सची म्हणून विकली गेली. १८९३ मध्ये एकावर तिची सही सापडली, जे (युडिथचा) आणि एल ही अक्षरं आणि एक तारा. लेस्टर म्हणजे ध्रुवतारा. दोनशेहून जास्त वर्षं तो तारा कुणाला दिसला नव्हता. १६३६ मध्ये लग्न झालं, मुलं झाली, त्यानंतरची चित्रं फार थोडी.

अशा बाईचा मान म्हणून चित्र काढायला बसले आणि तिचंच तोंड बंद केलं. दुपारी फार रडू आलं. वाटलं, माझ्या हाताला दुसरं काही येतच नाही. बाबांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही मुली जशा बसायचो, तशीच ही बसलीय.

जेवणानंतर पुन्हा प्रत बघितली. त्या चित्रातल्या ईझलवर हसरा फिडलवाला आहे. अवरक्त किरणांखाली त्याच्या खाली एका मुलीचा चेहरा दिसला, बहुधा तिचा स्वतःचाच. म्हणजे तिनेही एक चेहरा पुसून दुसरा काढला होता. हे मला आधीपासून माहीत होतं. आज रात्री मात्र त्याने धीर आला.

पॅलेट नाइफने ओठ खरवडले. रंग अजून ओला होता, सहज निघाला. चिंधीवर टर्पेंटाइन घेऊन जागा पुसली. आता नाकाखाली फिकट तपकिरी डाग आहे, खालचं कॅनव्हासचं विणकाम दिसतंय.

उद्या माईंना स्टुलावर बसवणार आहे. बोलत राहा म्हणेन, काहीही, भाजीचे भाव सांगा. मला फक्त वरचा ओठ कसा उचलला जातो ते बघायचंय.