अंगठ्याची सवय

गेल्या दिवाळीच्या आधी मी अकरा वर्षांचे अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला, आणि पुढचा आठवडाभर माझा उजवा अंगठा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात मागे जाण्याचे बटण शोधत राहिला. ते बटण तिथे नव्हते. आयफोनवर मागे जायचे असेल तर पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट आत ओढायचे असते, हे मला पहिल्याच दिवशी सांगितले गेले होते आणि समजलेही होते; समजले नव्हते ते अंगठ्याला. इंदूरच्या रामबागेतला वाडा सोडून आम्ही सुदामा नगरात राहायला गेलो तेव्हाही असेच झाले होते. वाड्यात दिव्याचे बटण दाराच्या डाव्या हाताला होते, नव्या घरात उजव्या, आणि कितीतरी महिने रात्री पाणी प्यायला उठल्यावर माझा हात कोऱ्या भिंतीवरून फिरत असे. एकेकाळी सही न येणाऱ्याला अंगठाबहाद्दर म्हणत. आता सगळे शिकलेसवरलेले अंगठ्यावरच आलेले आहेत, आणि कोणी कोणत्या कंपनीकडे राहायचे, हे जाहिरातींपेक्षा पुष्कळदा हा अंगठाच ठरवतो, असे मला वाटू लागले आहे.

फोन का बदलला, असे ज्यांनी विचारले त्यांना मी कॅमेऱ्याचे आणि जुन्या बॅटरीचे कारण सांगितले. खरे कारण महेश्वरच्या घाटावर घडले होते. नणंदेच्या साठीनिमित्त आम्ही सगळे तिथे गेलो होतो. मुलीने पुण्याहून येताना नवा आयफोन आणला होता, भाच्यांकडे आधीपासून होतेच, आणि संध्याकाळी नर्मदेच्या पायऱ्यांवर बसून काढलेले फोटो एअरड्रॉपने, म्हणजे आयफोनवरून आयफोनला थेट पाठवायच्या सोयीने, या फोनमधून त्या फोनमध्ये डोळ्यांदेखत गेले. माझी पाळी आली तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, तुला मी नंतर पाठवते हं." पंगतीत वाढणाऱ्याने नेमके आपल्या पानाशी येऊन 'तुम्हाला मागाहून' म्हणावे आणि पुढे सरकावे, तसे मला वाटले. मागाहून फोटो आले, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना दाबले जाऊन आले, आणि अहिल्येश्वराच्या शिखरावरचे कोरीव काम त्यात बासुंदीसारखे गुळगुळीत झालेले होते. कोणी काही वाईट बोलले नव्हते, तरी मी त्याच रात्री हप्त्यांचा हिशेब मांडायला घेतला.

अमेरिकेत या पंगतीला रंग आहे. अ‍ॅपलने २०११ साली स्वतःची मेसेजची सोय काढली, तेव्हापासून तिथे आयफोनवरून आयफोनला गेलेला निरोप निळ्या फुग्यात दिसतो आणि अँड्रॉइडवाल्याला पाठवलेला हिरव्या. तिथल्या शाळकरी पोरांत या हिरव्या फुग्याची चेष्टा होते. एपिक गेम्स या व्हिडिओ-गेमच्या कंपनीने अ‍ॅपलवर लावलेल्या खटल्यात अ‍ॅपलची आतली पत्रे बाहेर आली, आणि त्यांत एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१३ सालीच लिहून ठेवलेले निघाले की ही सोय अँड्रॉइडवर दिली, तर आयफोन वापरणाऱ्या घरांतली मुले अँड्रॉइड घेण्यातला अडथळाच निघून जाईल. अडथळा हा शब्द त्यांचाच. २०२२ साली एका परिषदेत कोणी अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांना म्हणाले की माझ्या आईला माझे व्हिडिओ नीट पोचत नाहीत, तेव्हा कुकसाहेबांनी आईला आयफोन घेऊन देण्याचा सल्ला दिला. माझ्या मुलीने असा सल्ला दिला नव्हता, पण घडले ते तेच.

आपल्याकडे ते निळे-हिरवे प्रकरण रुजले नाही, कारण साध्या मेसेजमध्ये आता बँकेचा ओटीपी आणि कर्ज देऊ करणारे परोपकारी लोक एवढेच उरले आहेत. बाकी सगळे बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तिथे सर्वांचा रंग एकच. भारतात शंभरातले नव्वदांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत. त्यामुळे आपल्याकडचे भांडण किमतीवर आणि तोऱ्यावर चालते. लग्नात आरशासमोर उभे राहून स्वतःचा फोटो काढणारी मुले आयफोन असा धरतात की मागचे उष्टे सफरचंद बोटांखाली झाकले जाणार नाही. आमचा दादा अशा मुलांकडे बघून मान हलवतो. दादा अँड्रॉइडचा कट्टर अनुयायी आहे. "एवढ्या पैशांत स्कूटर येते, ताई," हे त्याचे पहिले वाक्य, आणि दुसरे, "माझ्या फोनमध्ये मी माझ्या मर्जीने फाइल ठेवतो, कंपनीच्या मर्जीने नाही." दुसऱ्या वाक्यात तथ्य आहे. पण हाच दादा पोहे एकाच गाडीवर खातो आणि दुसऱ्या गाडीच्या पोह्यांत बडीशेप कमी असते हे न खाताच सांगतो, त्यामुळे त्याच्या फोननिष्ठेत तत्त्व किती आणि स्वभाव किती, हे मला नक्की सांगता येत नाही. एकदा पैसे मोजले की त्या वस्तूची वकिलीही माणूस फुकटात करू लागतो. मीही आता करतेच.

गंमत अशी की ज्यांच्यासाठी आपण भाऊ-बहीण हमरीतुमरीवर येतो त्या कंपन्या व्याह्यांसारख्या वागतात. व्याही मांडवात मानपानावरून भांडतात आणि आतल्या खोलीत देण्याघेण्याचे ठरवून बाहेर येतात. अ‍ॅपलने २०११ साली सॅमसंगवर नक्कल केल्याचा दावा लावला, पुढच्या वर्षी ज्यूरीने एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई सांगितली, अपिले झाली, आणि २०१८ साली दोघांनी आपसांत मिटवले. पण त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या आयफोन दहाचा चकचकीत पडदा सॅमसंगनेच बनवून दिलेला होता. गूगल म्हणजे तर अँड्रॉइडचे घर. त्या गूगलने आयफोनवर शोधासाठी आधी आपलेच पान उघडावे म्हणून २०२२ या एका वर्षात अ‍ॅपलला वीस अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेच्या न्यायालयात उघड झाले. आयफोनच्या खोक्यातून २०२० साली चार्जर गायब झाला तेव्हा सॅमसंगने आपल्या खोक्यात चार्जर आहे म्हणून टोमणा मारला, आणि चार महिन्यांच्या आत स्वतःच्या महागड्या फोनच्या खोक्यातून तो काढून टाकला. दादाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पण तुम्ही सुरुवात केली." तुम्ही म्हणजे मी आणि टिम कुक.

मला मात्र या भांडणापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटते. वीस वर्षांपूर्वी आमच्या घरात, आळीत, कचेरीत सगळीकडे नोकिया होता. २००३ साली आलेला नोकिया ११०० तर टॉर्चसाठीच घेतला जाई. जगात तो पंचवीस कोटींच्या घरात खपला. पावसाळ्यात रात्री वीज गेली की वाड्याच्या जिन्यावर तीन-चार टॉर्च एकदम लुकलुकत आणि कोणाकडेही गेले तरी नोकियाचा चार्जर मिळे. ही निष्ठा कधी तुटेल असे कोणाला वाटले नसते. ती तुटली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. कोणी नोकियावर रागावले नाही, कोणी शपथ घेतली नाही. पुढचा फोन घ्यायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाने दुसरा काही घेतला, एवढेच. आमच्याकडे आधी मायक्रोमॅक्स आला, मग सॅमसंग, मग शाओमी. २०१४ साली नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, ही बातमी मी वाचली ती दुसऱ्याच कंपनीच्या फोनवर, आणि त्यात काही खटकावे हे तेव्हा सुचलेही नाही.

इतके सहज जाता आले याचे कारण त्या फोनमध्ये आपले काही नव्हते. दोनशे-अडीचशे नावे सिममध्ये मावत. सिम काढायचे, दुसऱ्या फोनमध्ये सरकवायचे, की बिऱ्हाड हलले. पुढे २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली आणि नंबरही आपला झाला. पण तोवर बिऱ्हाडाचा पसारा वाढू लागला होता. फोटो, हिशेब, पासवर्ड, आणि सगळ्यांत मोठे म्हणजे वर्षानुवर्षांची व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी. अँड्रॉइडवरून आयफोनवर ती बोलणी सरळ मार्गाने न्यायची सोय व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. अ‍ॅपलने आपल्याकडे येणाऱ्यांसाठी फोटो आणि नावे आणायचे अ‍ॅप २०१५ सालीच अँड्रॉइडवर ठेवले होते, पण मधली सात वर्षे गप्पा वेशीबाहेरच राहत. कित्येक जण फोन आवडतो म्हणून नव्हे, तर सामान हलवायच्या कंटाळ्याने आहेत तिथे राहतात, आणि कंपन्यांना हे चांगले ठाऊक आहे. दर महिन्याला पैसे घेऊन फोटोंसाठी जागा भाड्याने देणारा घरमालक भाडेकरू जाऊ नये म्हणून आणखी काय करणार?

इंग्रजांशी झालेल्या १८१८ च्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि दप्तरात कारकुनी करायला आमच्यासारखी घराणी इथे स्थिरावली. त्यांनी मुलूख बदलला आणि भाषा तेवढी सोबत आणली. वाटेत थोडी हिंदी चिकटली, म्हणून आम्ही फोन उचलत नाही, 'उठवतो', आणि पुण्याची भाची हसते. सामान नीट आणण्याची घरात अशी परंपरा असताना मी मात्र फोन बदलताना घोळ घातला.

जेल रोडवरच्या एका दुकानात फोन घेतला. काउंटरवरचा मुलगा विशी-बाविशीचा होता. त्याने आधी जुना फोन हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारले, "मॅडम, बिल-बॉक्स है क्या?" खोके माझ्याकडे होते, बिल कोणत्या डब्यात आहे हे देवाला ठाऊक. त्याने सांगितलेला भाव ऐकून मी फोन परत पर्समध्ये टाकला. मग त्याने नव्या फोनवर टफन ग्लास चढवायला घेतली, आणि ते मी बघतच राहिले. आधी ओल्या कागदाने पडदा पुसला, मग कोरड्याने. मग दिव्याखाली फोन तिरपा धरून एक धुळीचा कण शोधला आणि चिकटपट्टीच्या टोकाने तो असा उचलला, जसा माझी आजी तांदळातला खडा उचलत असे. काच वरून अलगद सोडली, मधोमध अंगठा टेकवला, आणि काचेखाली चिकट ओलसर वर्तुळ पसरत चारही कडांना गेले. एक बुडबुडा कोपऱ्यात अडला होता, तो त्याने नखाने बाहेर ढकलला. त्याचा अंगठा कोणत्याही पक्षाचा नव्हता. शेजारी चार कंपन्यांचे फोन त्याच पट्टीची वाट बघत पडले होते.

चालू करून देतो, म्हणाला, पण आधी जुन्यातला डाटा घेऊन टाका. ते काम नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच करायचे असते, नंतर करायचे तर नवा फोन पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तासभर लागेल, असेही त्याने सांगितले. बाहेर धनत्रयोदशीची गर्दी, मला सराफ्यात जायचे होते, आणि मी म्हटले, "नको, नुसता चालू करून द्या, बाकीचे मी घरी बघते." घरी बघायला पंधरा दिवस गेले. तोवर नव्या फोनमध्ये दिवाळीचे फोटो भरले होते, तीन नवे ग्रुप झाले होते, आणि तो पुसून टाकायचा धीर मला झाला नाही.

मग भाऊबिजेनंतर आमच्या भिशीची तारीख आली. बारा जणींची ही भिशी सहा वर्षे चालू आहे आणि तिचा हिशेब माझ्याकडे असतो. हिशेबाची वही नाही. कोणी पैसे दिले की ग्रुपवर लिहायचे आणि मी अंगठा दाखवायचा, हीच आमची पावती. सहा वर्षांच्या त्या पावत्या जुन्या फोनमध्ये राहिल्या आहेत हे माझ्या लक्षात आले, ते वहिनीने श्रावणातले पैसे दिल्याचे ठामपणे सांगितले तेव्हा.

तेव्हापासून जुना फोन स्वयंपाकघरात, मसाल्याच्या कपाटाच्या वरच्या खणात असतो. आम्ही त्याला दप्तर म्हणतो. त्याला सिम नाही, वायफायही बंद, महिन्यातून एकदा तो जागा होतो, आणि भिशीच्या सकाळी मी त्याला नव्या फोनच्याच वायरने चार्ज करते. हे शक्य झाले ते युरोपीय संघाने सर्वांना एकच टाइप-सी टोक सक्तीचे केले म्हणून. त्यामुळेच २०२३ पासून आयफोनला अकरा वर्षांची स्वतःची वेगळी पिन सोडावी लागली.

गेल्या महिन्याच्या भिशीला पुन्हा काही तरी खोदून काढायचे होते. मी दप्तर उघडले, जुने मेसेज वर वर सरकवत गेले, वहिनीचा श्रावणातला मेसेज निघाला (दिले होते पैसे, तिचेच खरे), आणि मागे जाण्यासाठी मी डाव्या कडेवरून बोट आत ओढले. काही झाले नाही. पुन्हा ओढले. तिसऱ्यांदा ओढणार, तेवढ्यात वहिनीने फोन माझ्या हातातून घेतला, खालच्या कोपऱ्यातले बटण दाबले आणि म्हणाली, "इथे असते ते, ताई."