बुडाशी बारीक झालेलं पितळ

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून कूलरसमोर बसलो होतो. एक जुनं गिऱ्हाईक .315ची रायफल घेऊन आलं. चष्म्याच्या काचेवर काजळी.

"भाऊ, पाहा ना. बोल्ट ओढला तं नुसतं बूड बाहेर आलं. दुसरं काडतूस बसूनच नाही राहिलं."

चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, पुंगळीचा (काडतुसाच्या पितळी कवचाचा) पुढचा भाग अडकलेला. आधी नळी मोकळी आहे ना, ते पाहिलं. मग चेंबरकडून जाड पितळी ब्रश आत दाबला, नळीच्या तोंडातून रॉड घालून हलकेच ठोकलं. ब्रशच्या तारांनी पितळ धरलं आणि तुकडा निघाला.

पहिला संशय रायफलवर. लाइसन्सवाल्याने तो आधी तिच्यावरच घ्यावा. बोल्टपुढची जागा मोजायचं गेज लावलं, बोल्ट ठीक निघाला. मग गिऱ्हाईकाने खिशातून 11 रिकाम्या पुंगळ्या काढल्या. बुडातल्या टोपीभोवती (ठिणगी पाडणाऱ्या) उचकटल्याचे ओरखडे, तोंडं कानशीने घासलेली. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं. एकदा उडवून पुन्हा दारू-गोळी भरलेल्या होत्या, विचारायची गरजच नव्हती.

बार उडाला की दाबाने पुंगळीची पुढची भिंत चेंबरला घट्ट चिकटते. जाड बूड मात्र मागे बोल्टपर्यंत सरकतं. ताण पडतो तो मधल्या पितळावर. .315चं काडतूस मागच्या कडेवर टेकतं, पुढे खांद्याशी, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तिथे, फट राहिली तरी ते बसतं. पहिल्या बाराला खांदा पुढे फुगून चेंबरला भिडतो. पुंगळी पुन्हा भरणारा डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) तो पुन्हा मागे रेटतो. म्हणजे तीच फट, पुन्हा तोच ताण. त्यात या बोल्टला जागी अडकवणारे खटके मागच्या बाजूला. दाबाखाली तो किंचित दबतो, पुंगळीला तेवढी जागा आणखी.

सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून घासलं आणि एकेका पुंगळीत बुडापासून वर ओढलं. 4 पुंगळ्यांत टोक अडकलं. आत चर पडला होता.

"पण मी तं तोंड कापून लांबी बराबर केली होती ना, भाऊ!"

गडी बोलून बसला. तोंडाशी जी लांबी वाढली, ती बुडाजवळूनच आली होती, आणि हा वरून कापून मोकळा.

इतवारीच्या सराफ्यातून माझ्या मित्राची करवत मागवली. अडकलेल्यांपैकी एक पुंगळी उभी चिरली. बुडाशी रुपयाएवढं जाड पितळ, थोडं वर जाताच कागद. अर्धी चीर त्याच्या हातात दिली. त्याचं नख त्या चरात दोनदा फिरलं.

डब्यातल्या 6 भरलेल्या काडतुसांना मी हात लावला नाही. काडतुसं बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. माझ्याकडे तो नाही, त्याच्याकडेही नाही. "हे घेऊन आधी ठाण्यात जा, लाइसन्सही सोबत ने," म्हटलं.

तो काही बोलला नाही. चष्मा शर्टाला पुसत होता.