विस्कटलेल्या पेशी परत आपापल्या जागी

आज सकाळपासून टाउन्स आणि होल्टफ्रेटर या दोन शास्त्रज्ञांचा १९५५ चा प्रयोग डोक्यातून जातच नाहीये. क्लासमध्ये दोन मिनिटांत उरकला गेला, मला तर वाटतं त्यावर अख्खा आठवडा द्यायला हवा.

त्यांनी काय केलं, तर बेडूक-सॅलमँडरसारख्या उभयचरांचे एकदम कोवळे भ्रूण घेतले, पाणी अल्कलाइन केलं की त्यातल्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, मग ज्या पुढे त्वचा होणार त्या आणि ज्यांचा मेंदू-मज्जारज्जू होणार त्या न्यूरल प्लेटच्या, अशा दोन्ही घेऊन चक्क काला केला. रंग वेगळे असले की कोण कुठे चाललंय ते दिसतं. पीएच परत नेहमीसारखा केल्यावर आधी सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला, आणि मग त्वचेवाल्या बाहेर आल्या, न्यूरलवाल्या आत गेल्या!! मेसोडर्मच्या, म्हणजे ज्यांचे पुढे स्नायू-हाडं होतात त्या पेशी पण घातल्या तर त्या बरोब्बर दोघींच्या मधे. भ्रूणात असतो तोच क्रम, आणि आजूबाजूला भ्रूण नाहीच, नुसती काचेची बशी.

कसं काय? माल्कम स्टाइनबर्गने १९६० च्या दशकात म्हटलं की हे तेल आणि पाण्यासारखं आहे, ज्या पेशी एकमेकींना जास्त घट्ट चिकटतात त्या आत जमतात आणि कमी चिकटणाऱ्या त्यांच्याभोवती पसरतात. मग जपानमध्ये मासातोशी ताकेइचींनी ते चिकटवणारं प्रोटीनच शोधलं, कॅडहेरिन, कॅल्शियम असेल तरच पकड धरतं. आणि १९९४ मध्ये या दोघांनी मिळून जे केलं ते मला सगळ्यात जास्त आवडतं: पेशी एकाच प्रकारच्या, कॅडहेरिन पण एकच, फरक फक्त कुणावर किती आहे याचा, तरी जास्तवाल्या आत आणि कमीवाल्या बाहेर. बास, एवढ्यावर वेगळ्या झाल्या.

अर्थात नुसत्या चिकटपणावर सगळं भागत नाही, पेशीच्या कडेला असलेला ताण पण धरावा लागतो, झेब्राफिशवरच्या कामात ते दिसलंय. पण त्याने मूळ गोष्ट मला लहान वाटत नाही, उलट अजून खरी वाटते, कारण पेशीला अख्ख्या शरीराचा नकाशा माहीत असायची गरजच नाही, शेजारणीला किती घट्ट धरायचं एवढं कळलं तरी खूप काही जमतं.

आपल्या मज्जारज्जूचं पण असंच. पाठीवरची न्यूरल प्लेट दुमडून तिची नळी होते तेव्हा त्या पेशी ई-कॅडहेरिन सोडून एन-कॅडहेरिन (कॅडहेरिनचेच दोन प्रकार) घ्यायला लागतात, वरच्या त्वचेकडे ई तसंच राहतं, आणि दोन्ही वेगळ्या होतात. माणसात ही नळी साधारण २८ व्या दिवसापर्यंत बंद होते, कित्येक बायकांना तोवर दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं, म्हणून तर ही नळी नीट बंद व्हायला मदत करणारं फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यायला सांगतात. हे कॉलेजात प्रत्येक मुलीला नीट समजावून सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता न्यूरल क्रेस्ट, म्हणजे त्या नळीच्या वरच्या कडेच्या पेशी, वाचायला घेतलंय. त्या पेशी पकड सैल करून चक्क निघूनच जातात, कुणी त्वचेतल्या रंगाच्या पेशी होतात, कुणी चेहऱ्याची हाडं.