एका ‘चार्ज’ शब्दाचा अभ्यास: माझा अनुभव

मिरजेच्या एका खाजगी रुग्णालयात मी चौदा वर्षं सिस्टर होते. सकाळी चार्ज घ्यायचा, दुपारी चार्ज द्यायचा, अडलं की इनचार्ज सिस्टरना विचारायचं, मॉनिटर चार्जिंगला लावायचा, अकरा वाजता डिस्चार्जची गडबड. हा शब्द माझ्या तोंडात इतका बसला होता की तो परका आहे, हेही जाणवायचं नाही. २०२२ साली ब्रिटनला जायचं ठरवून ओईटीचा अभ्यास सुरू केला, आणि माझ्या पहिल्याच सराव पत्रावर तीन ठिकाणी लाल पेन फिरलं. तिन्ही ठिकाणी हाच शब्द होता, एकदा सरळ आणि दोनदा ‘डिस्चार्ज’च्या रूपात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ओईटी ही डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट अशा आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकाला ५०० पैकी गुण. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला तीन भागांत किमान ३५० आणि लिहिण्यात किमान ३०० लागतात. लिहिण्याच्या भागात एका पेशंटची टिपणं देतात. पहिली पाच मिनिटं फक्त वाचायचं, पेनला हात लावायचा नाही. पुढच्या चाळीस मिनिटांत १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं. पेशंट पुढे ज्यांच्याकडे जाणार, त्यांना त्या पत्रावरून काम करता आलं पाहिजे.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून ते २००० साली आलं. पाचवी ते दहावी आम्ही शब्दार्थ पाठ केले. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मधे एक रेघ. चार्ज म्हणजे आकार, शुल्क. एका शब्दाला एक अर्थ, झाला हिशेब. पुढे जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, पुस्तकं इंग्रजीत होती, पण तिथेही पाठांतरावर निभावलं. वाक्य स्वतः घडवायची वेळ आलीच नाही.

आता त्या तीन चुका.

सराव पत्रातल्या आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि त्या मुलीकडे राहायला जाणार होत्या. मी लिहिलं, ‘शी इज इन चार्ज ऑफ हर डॉटर.’ ओईटी शिकवणाऱ्या सरांनी शांतपणे विचारलं, “सिस्टर, इथे कोण कोणाला सांभाळतंय?” मी म्हटलं, मुलगी आईला. ते म्हणाले, “तुमच्या वाक्यात आजी मुलीला सांभाळतायत.” मग त्यांनी माझ्याच वाक्यात एक ‘द’ घातला: ‘इन द चार्ज ऑफ हर डॉटर’. आता आजी मुलीच्या हवाली झाल्या. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा, ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे ज्याला सांभाळलं जातंय तो. तीन अक्षरांचा शब्द, आणि त्याने आईला मुलगी आणि मुलीला आई केलं. मराठीत ‘द’ नाहीच, त्यामुळे आपल्या कानाला त्याचं वजन कळत नाही. सर पुढे म्हणाले की पत्रात ‘हर डॉटर विल केअर फॉर हर’ असं सरळ लिहिलेलं केव्हाही बरं, पण वाचताना हा फरक कळलाच पाहिजे.

दुसरी चूक: ‘द वुंड वॉज डिस्चार्ज्ड ऑन मंडे.’ मला म्हणायचं होतं, सोमवारी जखमेतून स्राव आला. पण माझं वाक्य सांगत होतं की सोमवारी जखमेला घरी सोडलं. तिसरी: ‘पेशंट टुक डिस्चार्ज.’ आपण मराठीत डिस्चार्ज घेतो आणि देतो, म्हणून तसंच लिहिलं. इंग्रजीत पेशंट ‘वॉज डिस्चार्ज्ड’ होतो. आणि डॉक्टर नको म्हणत असताना सही करून गेला तर ‘डिस्चार्ज्ड हिमसेल्फ’. हा फरक पुढच्या नर्ससाठी फार मोठा आहे. पहिला पेशंट बरा होऊन गेला, दुसऱ्याचे उपचार अर्धवट राहिलेत.

त्या दिवशी मला फार लागलं. चौदा वर्षं ज्या शब्दावर काम केलं, तोच परका निघाला.

त्याच आठवड्यात माझी नाइट होती. सर्जिकल वॉर्ड, अठ्ठावीस बेड, इनचार्ज सिस्टर रजेवर, म्हणून रात्रीचा वॉर्ड माझ्याकडे. दोनच्या सुमाराला मधुमेहाच्या पायाच्या आजींचं ड्रेसिंग भिजलं, पिवळा आणि वास येणारा डिस्चार्ज. ते बदलतेय तोवर शेजारच्या बेडचा पंप वाजायला लागला, बॅटरी उतरली होती. दाराबाहेर स्टुलावर एक हवालदार बसले होते. आत अपघात केलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर होता आणि त्याच्यावर कुठला चार्ज लागणार, याची त्याच्या घरचे कुजबुज करत होते. आणि कोपऱ्यातल्या बेडवर बैलाने मारलेला एक शेतकरी, बरगड्या मोडलेल्या, छातीत नळी. त्याचा थोरला भाऊ माझ्यापाशी आला, हात जोडलेले. म्हणाला, “सिस्टर, चार्ज किती हुईल ओ समदा? म्हस इकाय लागंल का?” मी म्हटलं, “दादा, सकाळी बिलिंगला विचारा, आत्ता त्यांना झोपू द्या.” तो आकडा माझ्या हातात नव्हता. तो तसाच पायथ्याशी बसून राहिला.

चार वाजता चहा घेताना जाणवलं की गेल्या दोन तासांत एकच शब्द सहा अर्थांनी माझ्याभोवती फिरला. मी औषधांच्या जुन्या वहीचं मागचं पान उघडलं आणि त्या रात्रीचीच वाक्यं लिहिली:

‘आय अ‍ॅम इन चार्ज ऑफ द वॉर्ड टुनाइट.’
‘देअर इज यलो डिस्चार्ज फ्रॉम द वुंड.’
‘द पंप वोन्ट होल्ड इट्स चार्ज.’
‘द ड्रायव्हर मे बी चार्ज्ड विथ रॅश ड्रायव्हिंग.’
‘द बुल चार्ज्ड अ‍ॅट हिम.’
‘दे विल चार्ज हिज ब्रदर फॉर द ऑपरेशन.’

सकाळी सरांना फोटो पाठवला. त्यांनी एकही दुरुस्ती केली नाही, फक्त शब्दाच्या मागेपुढे येणाऱ्या छोट्या शब्दांना गोल केले. पैशाला ‘फॉर’. गुन्ह्याला ‘विथ’. अंगावर धावून येण्याला ‘अ‍ॅट’. ते गोल बघितले आणि माझा गुंता सुटला. अर्थ एकट्या शब्दात शोधत बसले होते, म्हणून हरवत होते. शब्द कोणाच्या सोबतीने आलाय ते बघितलं की तो काय म्हणतोय ते कळतं. ‘चार्ज्ड फॉर’ लिहिलं तर ड्रायव्हरला बिल लागलं, ‘चार्ज्ड विथ’ लिहिलं तर गुन्हा लागला.

तरीही मनात एक खुटखुट होतीच, की बैल, बॅटरी आणि बिल यांचा एकमेकांशी संबंध काय? त्याचं उत्तर घरातच मिळालं. मुलगा सातवीत होता, विज्ञानाचं पुस्तक घेऊन मोठ्याने वाचत होता: विद्युतप्रभार, धनप्रभार, ऋणप्रभार. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांच्याकडे तेव्हा मुख्याध्यापकपदाचा अतिरिक्त प्रभार होता. हे तिथूनच म्हणाले, “माझ्याकडेही प्रभारच आहे की.” मी उठून शब्दकोश काढला. उशिराच्या लॅटिनमध्ये ‘कारिकारे’ म्हणजे गाड्यावर माल लादणं. गाड्याला ‘कारस’. तिथून जुन्या फ्रेंचमधून ‘चार्ज’ इंग्रजीत आला. कार आणि कार्गो ही त्याच घरची भावंडं.

म्हणजे मुळात ओझं. भार. एवढं कळलं आणि सगळे अर्थ एका दोरीत आले. पद दिलं तर जबाबदारीचा भार, बिल दिलं तर पैशाचा भार, विजेच्या बिलावर वेगळी रक्कम आली तर अधिभार. गुन्ह्याचंही तेच: आरोप म्हणजे मुळात एखाद्यावर काही ठेवणं. तोफेत दारू ठासायची, तो मापाचा भारही चार्जच. बैल धावून आला तर त्याचा अख्खा भारच अंगावर येतो. १७४०च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेचे प्रयोग केले आणि विजेबद्दल लिहिताना हाच शब्द घेतला. बॅटरी हा शब्दही त्याने तोफांच्या रांगेवरूनच उचलला. आणि डिस्चार्ज म्हणजे तो भार उतरणं. आपण म्हणतोच ना, मोबाइलचं चार्जिंग उतरलं! जखमेतला स्राव बाहेर पडला, पेशंट आपल्या जबाबदारीतून मोकळा झाला, बॅटरी उतरली: तिन्हीकडे भरलेलं काहीतरी रितं होतंय. मी त्या दिवशी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात ‘भार’ एवढंच लिहिलं. त्यानंतर ‘चार्ज’ मला कधी पाठ करावा लागला नाही.

इथे माझ्या केरळच्या मैत्रिणीबद्दल लिहिलं नाही तर हा अनुभव अपुरा राहील. ती आमच्याच वॉर्डात होती, मिरजेत आली तेव्हा मराठीचा गंध नव्हता. मी ‘चार्ज’ने रडवेली झाले होते तेव्हा ती म्हणाली, “तुला एक शब्द आहे, मला तुमचं ‘लागणं’ आहे.” आणि तिने स्वतःची वही दाखवली, मल्याळम लिपीत लिहिलेली. ती वाचून दाखवत होती आणि मी थक्क होऊन ऐकत होते. भूक लागली. दम लागतो. झोप लागत नाही. पायाला लागलं. ठसका लागला. जुलाब लागले. सलाइन लागलंय. अन्न गोड लागत नाही. एसटीत बसलं की गाडी लागते. नंबर कधी लागणार? ही बाई तुमची कोण लागते? घरघर लागली. या एका क्रियापदाने आमचा अख्खा वॉर्ड चालत होता आणि माझं त्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. तिने मात्र ते एकेक पेशंटच्या तोंडून गोळा केलं होतं. सुरुवातीला एका आजोबांनी “दम लागतोय” म्हटलं, ते तिला कळलं नाही. तिने त्यांना पाणी दिलं. शेजारच्या बेडवरच्या नातेवाइकाने ओरडून सांगितल्यावर ऑक्सिजन लावला. हे सांगताना तिचा आवाज अजून कापत होता. शब्द नीट कळणं ही आमच्या कामात हौसेची गोष्ट नाही, हे मला तिच्याकडून कळलं.

मग रोज ड्युटी संपल्यावर आम्ही दोघी दहा मिनिटं बसायचो. ती मला इंग्रजीचं वाक्य विचारायची, मी तिला मराठीचं. नियम एकच होता, वाक्य त्याच दिवशी घडलेलं पाहिजे. पुस्तकातलं चालणार नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’ या क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ नोंदलेत, हे तिनेच मला सांगितलं. ते ऐकून घाबरायच्या ऐवजी मला हलकं वाटलं. इतके अर्थ कोणी पाठ करूच शकत नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही ते रोजच्या वाक्यांतूनच उचलत असणार, जसं ‘लागणं’ मी उचललं.

पहिल्या परीक्षेला मुंबईला गेले. बाकी तिन्ही भाग निघाले, लिहिण्यात २८० आले. शब्दांनी दगा दिला नव्हता. मी पेशंटचा सगळा इतिहास लिहीत बसले आणि पत्र कशासाठी आहे, तेच खाली गेलं. गुण देताना ते पत्राचा उद्देश, नेमकेपणा आणि मांडणीही बघतात, नुसती भाषा नाही. पुन्हा फी भरताना जिवावर आलं. पण हे म्हणाले, “भर, होईल.” दुसऱ्या वेळी पहिल्या दोन ओळींत पेशंट कोण आणि त्यांच्याकडून काय हवंय ते लिहिलं, जुनी दुखणी दोन वाक्यांत उरकली. ३४० आले.

आता मी इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात आहे. इथे पहिल्याच दिवशी सवयीने स्वतःला ‘सिस्टर’ म्हटलं, तेव्हा समोरच्या बाईंनी समजावलं की इथे सिस्टर हे वॉर्ड सांभाळणारीचं पद आहे. पुरुष असेल तर त्याला चार्ज नर्स म्हणतात. मी स्टाफ नर्स. वहीत नवं पान सुरू झालं.

गेल्या महिन्यात फुप्फुसाच्या आजाराचे एक आजोबा अकरा दिवसांनी घरी गेले. औषधांची पिशवी दिली, पत्राची प्रत दिली, डिस्चार्ज लाउंजमध्ये नेऊन बसवलं. त्यांनी चहा घेतला, मुलगा आला, दोघं गाडीत बसून निघून गेले. कोणी कुठल्या काउंटरवर गेलं नाही, कोणी काही विचारलं नाही. मी रिकामी खुर्ची ढकलत वर येत होते आणि मला तो पायथ्याशी बसलेला भाऊ आठवला. त्यांच्या डिस्चार्जच्या दिवशी मला सुट्टी होती. म्हैस विकावी लागली की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.