पेन्सिलीने आखलेल्या दोन चौकटी

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. आमच्याकडे 'प्रेस' म्हटलं की इंडिया सिक्युरिटी प्रेसच. तिथे आत एकेक कागद मोजला जाई, त्यामुळे स्वतः छापलेली तिकिटंही बाबा पोस्टाच्या खिडकीवरून विकत आणत.

त्यांच्या वहीतलं एक पान मला सगळ्यात प्रिय आहे. वरच्या बाजूला संत त्यागराजांचं निळसर तिकीट, १५ नवे पैसे, ६ जानेवारी १९६१. १८४७ साली याच तारखेला त्यागराज गेले. तिकिटाखाली बाबांनी पेन्सिलीने दोन रिकाम्या चौकटी आखल्या होत्या आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दीक्षितर', 'श्यामा शास्त्री'.

ही नावं त्यांना डब्याच्या सुट्टीत कळली. सोबत काम करणारे एक काका तंजावूरचे होते, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. त्यांनीच सांगितलं, की कर्नाटक संगीतातले हे तीन मोठे रचनाकार एकाच तिरुवारूर गावात जन्मले: श्यामा शास्त्री १७६२ साली, त्यागराज १७६७ साली आणि मुत्तुस्वामी दीक्षितर १७७५ साली. "एकाचं काढलंत, आता दोघांचं काढा," असं ते बाबांना म्हणत, जणू ते बाबांच्याच हातात होतं.

तंजावूरच्या भोसले राजांनी, सरफोजींनी, त्यागराजांना दरबारात बोलावलं आणि त्यांनी ते नाकारलं, ही गोष्टही काकांचीच. त्या वेळी त्यांनी 'निधि चाल सुखमा' ही कृती, म्हणजे रचना, गायली, असं सांगतात. लहानपणी मला वाटायचं, 'चाल' म्हणजे गाण्याची चाल! तेलुगूत चाल म्हणजे पुष्कळ, फार. पैशात जास्त सुख, की रामाच्या सन्निध सेवेत? पुढे दही, लोणी, दूध येतं, आणि रामभजनाची गोडी त्याहून जास्त की नाही असं विचारलं जातं. राग कल्याणी, आपल्या यमनाच्या अगदी जवळचा. मी यमन शिकत होते तेव्हा ही कृती ऐकली आणि तो तीव्र मध्यम, म्हणजे चढा 'म', लागताच अंगावर काटा आला. आमच्याच भाषेच्या राजाला दिलेला हा नकार मला आजही फार मोठा वाटतो.

समोरच्या पानावर हिंदुस्थानी संगीताचे अभ्यासक भातखंडे आहेत. त्यांचं तिकीटही १९६१ चंच, १ सप्टेंबरचं. त्यांनी दक्षिणेत हिंडून तिथले ग्रंथ अभ्यासले होते, म्हणून बाबांनी त्यांना मुद्दाम तिथे बसवलं.

दीक्षितर १९७६ मध्ये आले. तिसरी चौकट १९८५ पर्यंत रिकामीच होती.

तेव्हा मी आठवीत होते. बाबांनी श्यामा शास्त्रींची दोन तिकिटं आणली. एक चिमट्याने उचलून चौकटीत बसवलं, पेन्सिलीची रेघ न खोडता. काका तोवर निवृत्त होऊन तंजावूरला गेले होते. दुसरं तिकीट बाबांनी त्यांच्या पत्राच्या पाकिटावर लावलं आणि ते पेटीत टाकायला मला पाठवलं.